बाँड कोणी लिहून घेतला?

संपादकांनी कविता मागितली होती. कविता आहेत, त्या पुढच्या अंकाला देईन. या खेपेला हिशेब पाठवतो आहे. हिशेब माझ्या घरचा आहे. पण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तो कुठल्या तरी वहीत पडलेला असेल, म्हणून चारचौघांत मांडतो.

माझी धाकटी बहीण नागपूरला दाताची डॉक्टर होते आहे. घरी तिला लहानी म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला, पास झाली, आता फायनल. चार वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, असा तो बीडीएसचा रस्ता. चांदूर बाजारच्या आमच्या वस्तीतून त्या रस्त्यानं गेलेली ती पहिली. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तुटलेला धागा जोडतो. पाळी बदलते, धागा तुटायचा थांबत नाही. शिक्षण दहावी. बाकी जे काही वाचलं ते रद्दीतून आणि वाचनालयातून, पाळीच्या आधी नाहीतर नंतर.

लहानीला शिष्यवृत्ती मिळते ती फौजेच्या नावावर. माझा बाप महार रेजिमेंटमध्ये नायक होता. सागरच्या सेंटरला ट्रेनिंग, मग काश्मीर, मग कुठं कुठं. सतरा वर्षांनी बाप घरी आला, त्याचे गुडघे वर बर्फातच राहिले. अशा शिपाई-नायकांच्या पोरांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाकडून प्रधानमंत्री शिष्यवृत्ती मिळते, २००६ पासून. बारावीला साठ टक्के पाहिजेत. दरसाल पन्नास टक्क्यांच्या खाली उतरायचं नाही. २०१९ पासून मुलीला महिन्याला ३००० रुपये आणि मुलाला २५००. सरकारच्या कागदावर तरी मुलीचे पाचशे जास्त आहेत. आमच्या नात्यातले लोक म्हणत होते, पोट्टीवर पैसा कायले घालता, ती तं दुसऱ्याच्या घरी जाईन.

फॉर्म मीच भरला होता. अमरावतीला सैनिक कल्याण कार्यालयात बापाचं डिस्चार्ज बुक घेऊन मीच गेलो होतो. बापाचा नंबर, बापाचा हुद्दा, पलटण, बँकेचं खातं. सगळे रकाने भरले. भावाचा रकाना त्यात नव्हता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं असं मी इतके दिवस समजत होतो.

वर्षाला छत्तीस हजार. दाताच्या डॉक्टरकीत ते कुठल्या कुठं जातात. तिथं नुसती पुस्तकं पुरत नाहीत, हत्यारं लागतात. दात कोरायचं मशीन, चिमटे, आरसे, सुया, सराव करायला नकली दातांचा जबडा, मेण, प्लास्टर. सुताराच्या पोराला बापाच्या पेटीतून पटाशी मिळते. हिला सगळं विकत. वर मेस, खोली, झेरॉक्स. बापाची पेन्शन घराच्या कर्जात आणि मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या कर्जात जात होती. म्हणून महिन्याच्या महिन्याला पगारातून मी पाठवत गेलो. कमी पडले तर ओव्हरटाइम केला.

निकाल लागला त्या आठवड्यात लहानी घरी आली होती. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. बापानं पेटीतून मेडलं काढली, पुसली, परत ठेवली. मग म्हणाला, "बाई, फायनल झालं की फौजेत जाय. डेंटल कोरमध्ये. डायरेक्ट कॅप्टन. पह्यला सॅल्यूट मी मारतो तुले."

बापाचा हा सॅल्यूट मला समजतो. सतरा वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या खांद्यावरचे तारे पाहून टाच आपटली, त्याला आपल्या पोरीच्या खांद्यावर तारे पाहायचे आहेत. (बापाला इतिहास माहीत नाही, मी वाचला आहे. आर्मी डेंटल कोर उभी राहिली १ फेब्रुवारी १९४१ ला आणि महार रेजिमेंट उभी राहिली बेळगावला १ ऑक्टोबर १९४१ ला. महायुद्ध पेटलं होतं. सरकारला तेव्हा शिपायाचे दातही धड पाहिजे होते आणि आमचे हातही.) मुलींसाठी तो रस्ता काही सरळ नाही. डेंटल कोरमध्ये मुलींना किती कमी जागा ठेवल्या यावरून २०२३ साली सुप्रीम कोर्टानं सरकारला फैलावर घेतलं होतं. पण बापाला ते कोण सांगणार?

मी मध्येच बोललो. "फौजेत कायले? इथं ये. ग्रामीण रुग्णालयात लाग, नाईतर वस्तीत दवाखाना टाक. समाजाचं ऋण हाये तुह्यावर."

लहानी काही बोलली नाही. मायनं ताटं आणली. अर्धं जेवण झाल्यावर ती म्हणाली, "दादा, बाँड कोणी लिहून घेतला माह्याकडून? फौजेनं तं नाई घेतला. तू घेतला काय?"

मी ताटावरून उठलो. तिसरी पाळी होती, वेळेच्या तासभर आधीच गाडीला किक मारली.

फ्रेमवर रात्रभर तेच डोक्यात. आपण हिच्यासाठी काय नाही केलं? आणि ही बाँडचं विचारते? शिकली आणि शेफारली. आपल्या शिकलेल्या लोकांचं हे असंच. असं सगळं, जे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो, ते सगळं मी स्वतःला रात्रभर ऐकवलं.

सकाळी घरी आलो. ती झोपली होती. मी कवितेची वही काढली. रागात कविता चांगली होते असा माझा अनुभव आहे. वहीचं पान उलटायला गेलो ती वही मागून उघडली. मागच्या पानांवर माझ्याच अक्षरात यादी. हॉस्टेल. मेस. मशीन. नकली जबडा. चष्मा. परत मेस. एकेक आकडा, पुढे तारीख. दर मार्चला खाली रेघ आणि एकूण. त्या एकूणाखाली दुसरी रेघ, सावकार मारतो तशी.

ही यादी मी ठेवत होतो हे मला माहीत होतं. विसरू नये म्हणून ठेवतो, असं मी म्हणायचो. कशासाठी विसरू नये? ज्याला परत मागायचं नाही तो तारीख कशाला टाकतो?

मित्रांनो, इथं मी थांबलो, आणि हा लेख इथून सुरू झाला असं समजा.

ऋण हा शब्द आपण कुठून उचलला? तैत्तिरीय संहितेत म्हटलं आहे की ब्राह्मण जन्माला येतो तो तीन ऋणं घेऊनच. ऋषींचं, देवांचं, पितरांचं. वेद शिकून, यज्ञ करून आणि पोरं जन्माला घालून ती फेडायची. यादी नीट वाचा. जो मेलेलं ढोर ओढून नेतो त्याचं ऋण त्यात नाही. जी बाई दुसऱ्याच्या शेतात निंदण करते तिचं नाही. म्हणजे घेणाऱ्यानं ज्याच्याकडून घेतलं त्याला वगळून बाकी सगळ्यांना देणं मान्य केलं. आपण तोच शब्द उचलला, पुढे समाज जोडला आणि आपल्याच पोरींच्या डोक्यावर ठेवला.

आपल्याकडे आणखी एक जुनं देणं होतं, ते संस्कृतात नव्हतं. मुंबई इलाख्यात त्याला वतन म्हणत. जमिनीचा एक तुकडा, आणि त्याच्या बदल्यात महारानं गावाची आणि सरकारची चाकरी करायची. किती तास? लिहिलेलं नाही. कोणती कामं? लिहिलेलं नाही. घरातल्या कोणी करायची? बाप आजारी तर पोरानं, पोरगा नसेल तर बाईनं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं. मला त्यातून समजतं ते इतकंच की ज्या देण्याचं माप लिहिलेलं नसतं, ते कधी फिटत नाही. आणि मी लहानीला काय सांगत होतो? समाजाचं ऋण. किती रुपये? किती वर्षं? कोणाला देऊन सुटायचं? मला तरी कुठं माहीत होतं.

त्यापेक्षा फौज बरी असं म्हणायची पाळी येते. पुण्याला सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९४८ पासूनचं. तिथं डॉक्टरकी शिकायला जाणाऱ्याकडून आधीच लिहून घेतात, शिकवू आम्ही, मग नोकरी आमच्याकडे, आणि सुटायचं असेल तर इतकी रक्कम भर. अमेरिकेच्या फौजेत दाताच्या डॉक्टरांसाठी अशी योजना १९७२ च्या कायद्यानं आली. फौज कॉलेजची फी भरते, वर हातखर्च देते, आणि साधारण जितकी वर्षं पैसा तितकी वर्षं नोकरी. वर्षाला वर्ष. त्यात गरिबाचं पोरगं गरज म्हणून सही करतं आणि श्रीमंताच्या पोराला सही करावी लागत नाही, हे आहेच. पण निदान मोजून घेतात. सही करणाऱ्याला शेवटची तारीख माहीत असते.

लहानीच्या शिष्यवृत्तीत तेही नाही. तो पैसा येतो राष्ट्रीय संरक्षण निधीतून. हा निधी १९६२ साली निघाला, चीनची लढाई झाली तेव्हा. लोकांनी आपखुशीनं दिलेल्या देणग्यांतून. बायांनी अंगावरचे दागिने काढून दिले होते. कोणाची पाटली, कोणाची पोत, आता कोण ओळखणार? आमच्या आजीकडे गिलटाशिवाय काही नव्हतं, तिनं काही दिलं नसेल. पण ज्या बाईनं दिलं तिनं चांदूर बाजारची एक पोरगी दात काढायला शिकेल म्हणून दिलं नव्हतं, आणि परत मागायला ती येणार नाही.

मग तो पैसा कोणाचा? बापाला विचारलं तर तो म्हणतो, "माहा हाये. माह्या सतरा वर्साचा." आणि मला वाटतं त्याचंच खरं. त्याचा उरलेला पगार तो. अर्धा पगारात मिळाला, अर्धा पेन्शनीत, आणि थोडा पोरीच्या कॉलेजात.

आपल्या घरात शिक्षण असंच आलेलं आहे. शाळेच्या दारातून ते आलं नाही. तिथं आपल्याला बाहेर बसवलं. ते आलं पलटणीच्या दारातून. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायाला आणि त्याच्या पोरांना शिकवत, सक्तीनं. रामजी सकपाळ त्यातून शिकले, सुभेदार झाले, चौदा वर्षं पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांचं चौदावं लेकरू १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्मलं, ते छावणीतच. पुढच्याच वर्षाच्या सुमाराला सरकारनं महारांची भरती बंद केली. का, तर आम्ही लढाऊ जात नाही. त्याआधी लढलो ते कोण होतं? गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांनी अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली लिहिला. पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, १९१७ ला १११ नंबरची महार पलटण काढली. लढाई संपली, १९२१ ला मोडली. दुसरी लढाई आली, परत उभी केली. मरायला माणूस पाहिजे असला की आम्ही लढाऊ, नसला की नाही.

म्हणजे ही शिष्यवृत्ती आपल्याकडे दीडशे-दोनशे वर्षांची आहे. त्या अर्जावर सही बापाची असते आणि पाटी पोराच्या हातात असते. बापानं देह गहाण ठेवायचा. मग त्या पोरानं कोणाचं देणं लागायचं? गहाण ठेवून घेणाऱ्याचं? का बापाचं?

दुसऱ्या दिवशी लहानी परत नागपूरला निघाली. मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. दोघंही बोलत नव्हतो. गाडी लागली. ती खिडकीशी बसली आणि तिथून म्हणाली, "दादा, बाबासाहेबाईनं बडोद्याचं देणं बडोद्यात फेडलं काय?"

गाडी गेली. मी स्टँडवर चहा घेतला, मग दुसरा घेतला.

आपण सगळे ही गोष्ट जाणतो, पण देण्याच्या बाजूनं मी ती कधी वाचली नव्हती. १९१३ च्या जानेवारीत बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. फेब्रुवारीत बाप गेला. जूनमध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, अमेरिकेत शिकायचं, आणि आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. सरळ लिहिलेला बाँड. १९१७ ला शिष्यवृत्ती संपली, लंडनचं शिक्षण अर्धं टाकून ते आले आणि शब्द पाळायला बडोद्याला गेले. पळून गेले नाहीत, हे लक्षात ठेवा. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक. कचेरीत शिपाई फायली लांबून फेकत. गावात राहायला खोली नाही. पारशाच्या सराईत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी काठ्या घेऊन आले. सामान घेऊन बाहेर, बागेत झाडाखाली, आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई. दहा वर्षांचा करार, पाळायला दहा दिवससुद्धा धड मिळाले नाहीत.

आता सांगा, करार कोणी मोडला? ज्यानं सही केली तो तर हजर होता. ज्या राज्यानं दहा वर्षं चाकरी लिहून घेतली, त्यानं आपल्या अधिकाऱ्याला दहा रात्री झोपायला छप्पर देऊ नये? बाँडला दोन बाजू असतात हे सावकार कधी सांगत नाही. लिहून घेणाऱ्यानंही काही लिहून दिलेलं असतं, न लिहिता का होईना.

आणि ते बडोद्याचे साडेअकरा पौंड कुठं फिटले? महाडच्या तळ्यावर १९२७ ला. घटना समितीत. नागपूरला १९५६ च्या ऑक्टोबरात. ज्या बाईनं बडोदा नकाशात पाहिलं नाही, तिच्या पोराच्या हातात पाटी आली तिथं. सयाजीराव वहीत तारखा टाकत बसले असते आणि ते दहा वर्षं बडोद्याच्या कचेरीत फायली झेलत बसले असते, तर तुमचं आमचं काय झालं असतं?

याच गोष्टीत आणखी एक पारशी आहे. नवल भथेना, कॉलेजच्या दिवसांतला मित्र. १९२० ला बाबासाहेब परत लंडनला निघाले तेव्हा त्यानं पाच हजार रुपये उसने दिले. काही कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिले. सराईच्या दारात काठी घेऊन उभा राहिलेलाही पारशी, आणि थैली सोडणाराही पारशी.

तरी माझ्यातला सावकार लगेच गप्प बसला असं नाही. त्यानं शेवटचा दाखला काढला, आग्र्याचा. १८ मार्च १९५६ ला बाबासाहेब आग्र्याला बोलले आणि शिकलेल्या लोकांबद्दल त्यांना किती दुःख झालं होतं ते आपण दरवर्षी ऐकतो. आपल्याला फसवलं ते शिकलेल्यांनी, असं त्यांना वाटलं. हा दाखला फार जड आहे. तो उचलला की समोरचा गप्प होतो. मीही तो त्या रात्री फ्रेमवर उचलला होता. पण बाबासाहेब ते कोणापुढे आणि कशाच्या जोरावर बोलत होते? त्यांनी कोणाच्या फीची पावती पुढे केली नव्हती. स्वतःचं सगळं खर्चून झालेला, आजारी माणूस बोलत होता. त्यांना तो अधिकार होता. माझ्याकडे काय आहे? वहीची मागची चार पानं.

आणि एक विचारतो. हे ऋण फक्त आपल्याच पोरांना का विचारतात? सरकारी कॉलेजात जो कोणी शिकतो त्याची खुर्ची, त्याची दिवाबत्ती, त्याच्या मास्तराचा पगार लोकांच्या पैशातून जातो. मी सूत कातलेला कपडा विकला जातो त्यावरचा कर त्यात आहे. लहानीच्या वर्गात डॉक्टरांची पोरं आहेत, वकिलांची आहेत. त्यांच्या घरी जेवताना कोणी म्हणत असेल का, समाजाचं ऋण हाये तुह्यावर? ते पोरगं पुण्याला दवाखाना टाकेल, सगळे म्हणतील हुशार. आमची पोरगी टाकेल, सगळे म्हणतील विसरली. हे सांगून मी लहानीला मोकळी करत नाही, स्वतःला विचारतो आहे. आम्ही आमच्या पोरांना आमच्याच हातानं दुसऱ्या वेगळ्या रांगेत उभं करतो.

मग ती काहीच लागत नाही का? तिनं नागपुरात नाहीतर पुण्यात काचेचा दवाखाना टाकावा, दर महिन्याला मायला साडी पाठवावी, झालं? इथं माझं मन अजून तयार नाही.

मागच्या दिवाळीत ती आली होती तेव्हाची गोष्ट. माझे दोघे-तिघे दोस्त घरी आले. सगळ्यांच्या खिशात खर्रा. तुमच्याकडे खर्रा नसेल तर सांगतो, भाजलेली सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून घोटायचं. तिसरी पाळी त्याच्यावरच निघते. झोप येत नाही, भूक लागत नाही. लहानी म्हणाली, तोंड उघडा. आणि आपली तीन बोटं उभी करून दाखवली, "तुमचेच तीन बोटं उभे घाला तोंडात." धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. एकाची अडीच गेली. एकाची दोन. तो तिशीतला आहे, त्याला भाकरीचा मोठा घास घेता येत नाही, तिखट सोसत नाही. तो समजत होता की दाढ आली. लहानीनं त्याच्या गालाला आतून बोट लावलं. गाल आतून पांढरा, दोरीसारखा घट्ट. सुपारीनं तोंडाचं कातडं आतून असं आवळत जातं. आवळलेलं परत सैल होत नाही, आणि पुढे काहींना कॅन्सर होतो. ती त्याच्याशी शांतपणे बोलली. मग मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

मग म्हणाली, "दादा, तू घाल."

माझी दोन गेली. तिसरं अर्धं.

वस्तीत दाताची डॉक्टर पाहिजे, ती यासाठी. ही गरज खरी आहे. पण ती माझ्या वहीतून आलेली नाही, मी एक रुपया दिला नसता तरी त्या दोस्ताचं तोंड इतकंच आवळलेलं राहिलं असतं. ते तोंड जितकं लहानीला हाक मारतं, तितकंच तिच्या वर्गातल्या वकिलाच्या पोरालाही मारतं. त्याला ऐकू जात नाही, तिला जातं, कारण तिनं हात लावला आहे. ही हाक ऐकून ती आली तर येईल. मी मध्ये उभा राहून पावती दाखवली तर तिला माझीच पावती दिसेल, तो गाल दिसणार नाही.

आणि खरं सांगायचं तर मला वस्तीची इतकी काळजी कुठं होती? तसं असतं तर मी आधी माझा खर्रा सोडला असता. मला ती इथं पाहिजे होती, माझ्या डोळ्यांपुढे, पाटीवर आमचं आडनाव लावून. दहावीनंतर माझी जी वर्षं फ्रेमवर गेली ती मला तिच्या रूपानं परत पाहिजे होती. बापाला सॅल्यूट पाहिजे, मला पाटी पाहिजे. समाज हे नाव मी त्याला दिलं होतं. माय एकटीनं काही मागितलं नाही. मायचे दात जळक्या तंबाखूच्या मंजनानं कधीच गेले. परीक्षेआधी पोरांना ठरलेले पेशंट पुरे करावे लागतात, इतकी कवळी, इतकी दाढ, त्याला ती कोटा म्हणतात. मायला चार वेळा नागपूरला नेलं. तोंडात गरम लगदा दाबून माप घेतलं, मेणाचे दात लावून पाहिले, मग खरी कवळी. माय म्हणते, "माही लेक माह्या तोंडात हात घालून शिकली." दोन दिवस तिनं वस्तीभर फिरून सगळ्यांना दात दाखवले, तिसऱ्या दिवशी काढून डबीत ठेवले. म्हणते, ठणकते.

मागच्या रविवारी लहानीचा फोन आला. बाँडचं कोणीच काढलं नाही. फायनलमध्ये तोंडाच्या रोगाचे पेशंट दाखवावे लागतात, तिला खर्ऱ्याचा एक पाहिजे. "दादा, तू ये. दोन दिवस लागतीन." मी म्हटलं, बिनपगारी होईल. ती म्हणाली, "होऊ दे. अन् त्या दोस्ताले घेऊन ये."

रजेचा अर्ज दिला आहे. अजून सही झाली नाही. दोस्त म्हणतो, पह्यले तू जाऊन ये, काय म्हणते ते सांग, मग मी पाहातो.